कमरेला न बसलेली घागर

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांचं नाव मी घेणार नाही. घरच्यांनी तशी अट घातली आहे. अट घालणारी त्यांचीच थोरली मुलगी आहे, तेव्हा ती मोडायची माझी छाती नाही. वाड्यात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. कोर्टात एपीपी साहेब, म्हणजे असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर. खेड्यापाड्यातून तारखेला आलेली माणसं सरळ 'सरकारी वकील' म्हणून हाक मारायची. गेल्या महिन्यात, वयाच्या ८४ व्या वर्षी, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, पेपरातलं शब्दकोडं निम्मं सोडवलं आणि गेले. आडवे शब्द भरून झाले होते, उभे राहिले होते.

त्या दिवशी मोबाईलवर दिवसभर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येत होत्या. मला तो प्रकार बघवत नाही. हात जोडल्याचं चित्र, खाली दोन शब्द, आणि पुढच्याच मिनिटाला त्याच गटात कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. माणूस ८४ वर्षं जगला, त्याला दोन शब्द? म्हणून मी ही पंधरा मिनिटं मागून घेतली.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती बहुतेकांना उलटी ठाऊक असते. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो. पुन्हा सांगते, सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो. पोलीस तपास करतात, दोषारोपपत्र कोर्टात देतात, आणि तिथं त्यांचं काम बरंचसं संपतं. पुढे तो खटला चालवतो तो सरकारचा वकील, म्हणजे तुमचा-माझा, आणि तुम्हाला पटो न पटो, थोडासा त्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आरोपीचासुद्धा. हे माझं म्हणणं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की, काहीही करून आरोपीला शिक्षा लावायचीच अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूची एखादी गोष्ट नजरेस आली, तर तीही त्यानं कोर्टासमोर ठेवायची. अण्णा हा निकाल यायच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. पेपरात वाचून म्हणाले, "उशिरा का होईना, माझ्या बाजूनं निकाल लागला."

अण्णा १९७० च्या सुमारास नोकरीला लागले, तेव्हा त्यांना पोलीस प्रॉसिक्युटर म्हणत. नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, आणि त्यांचे झाले सहायक सरकारी अभियोक्ता. पाटी बदलली, पण आपल्या राज्यात पुढे कितीतरी वर्षं या मंडळींचा प्रशासकीय ताबा पोलीस खात्याकडेच राहिला. आता बघा, ज्यांचा तपास तुम्ही कोर्टात तपासून घ्यायचा, त्यांच्याच हाताखाली तुम्ही. ते सुटायला १९९५ साल उजाडावं लागलं. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला आणि या वकिलांचं वेगळं खातं करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. तोवर अण्णांच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती. हे ध्यानात ठेवा, श्रोतेहो. पुढे जी गोष्ट सांगणार आहे, ती १९९५ च्या बरीच आधीची आहे.

घरी अण्णा कसे होते? संध्याकाळी सव्वासहाला सायकल ओसरीला टेकायची. काळा कोट खुंटीला. गळ्यातला पांढरा बँड स्वतः धुऊन दोरीवर. मग चहा, आणि चहानंतर पुढ्यात पेपर पसरून कोथिंबीर निवडायला बसायचे. दोन मुली, काकू, आणि काकूंच्या आई. होय, काकूंच्या आई. शेवटची ११ वर्षं त्या लेकीकडे राहिल्या. जावयाच्या घरी कसं राहायचं, असं त्या पहिले सहा महिने रोज म्हणत, नंतर विसरल्या. रात्री त्यांच्या पायांना तेल चोळायचे ते अण्णा. वाड्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांच्या नवऱ्यांना हसू येत नसे, कारण रात्री त्यांना घरी ऐकून घ्यावं लागे. आजी पत्त्यांत लबाडी करायच्या, हुकूम नसताना हुकूम आहे म्हणायच्या. अण्णा पत्ते खाली ठेवून म्हणायचे, "संशयाचा फायदा."

कोर्टात आपल्याच साक्षीदाराला सरतपासात, म्हणजे पहिल्या तपासणीत, सूचक प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे उत्तर प्रश्नातच कोंबायचं नाही. हा नियम अण्णांनी घरातही लावला होता. जेवताना कुणी "भाजीत मीठ कमी झालंय ना?" म्हटलं, की अण्णा घास हातात धरून थांबायचे. "सूचक प्रश्न. नीट विचार." मग नीट विचारायचं, "भाजी कशी झाली आहे?" आणि काकू उत्तर द्यायच्या, "गप जेवा."

हल्ली मालिकांमध्ये वकील टेबलावर हात आपटतात, ओरडतात, साक्षीदाराच्या अंगावर धावून जातात. मी खरं कोर्ट पाहिलंय. तिथं पंखा आवाज करतो, पट्टेवाला पुकारा करतो, आणि वकील इतक्या हळू बोलतात की मागच्या बाकावर ऐकू येत नाही. अण्णांचा आवाज तर वाड्यात मांजराला हुसकावतानाही चढत नसे.

आता ती घागरीची गोष्ट. ती मी अण्णांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकली असेल. ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता. दर वेळी ती थोडी लांबायची. आधी पाण्याची एक बादली होती, शेवटी शेवटी दोन झाल्या. मी दोनच सांगणार आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कृष्णाकाठचा एक तालुका, तिथलं फौजदारी कोर्ट. एका म्हातारीच्या घरात चोरी झाली होती. बाकी काही किडूकमिडूक, आणि एक तांब्याची घागर. राहत्या घरात चोरी, म्हणजे तेव्हाचं कलम ३८०. सात वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिसांनी एकाला पकडला, त्याच्या खोपटातून घागर जप्त केली. जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं, ते आपल्या सगळ्यांच्या घरी असतंच. या घागरीच्या गळ्याशी जिथं नाव असायचं, तिथं कानस मारून ते घासून काढलं होतं. म्हातारी म्हणत होती, माझं नाव गळ्याशीच होतं. पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या, घागर सुतळी बांधून, लाखेचं सील ठोकून मुद्देमालात गेली. आरोपी जामीन नाही म्हणून चार महिने आत. सरळ केस. फौजदार खुशीत.

तांब्याचं निघालंच आहे म्हणून सांगते. हल्ली मॉलमध्ये तांब्याच्या बाटल्या मिळतात, चकचकीत, आरोग्याला उत्तम म्हणून. आपल्याच आयांनी मोडीत घातलेलं तांबं आपण दसपट पैसे मोजून परत आणतोय. माझ्या आईनं १९८१ साली दोन हंडे देऊन स्टीलची पिंपं आणली. मी तिला अजून माफ केलेलं नाही. असो.

म्हातारी साक्षीला उभी राहिली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, झालं. अण्णांनी सील फोडून घेतलं आणि विचारलं, "आजी, ही घागर बघा. ओळखता का?"

म्हातारी म्हणाली, "हातात द्या की."

पट्टेवाल्यानं घागर तिच्या हातात दिली. तिनं फिरवून पाहिली. गळ्याशी अंगठा घासला. बुडावर बोटानं टिचकी मारली. आणि मॅजिस्ट्रेट साहेबांकडं बघून म्हणाली, "साहेब, पानी भरून द्या."

कोर्ट बघतच राहिलं. आरोपीचे वकील उठले. त्यांची हरकत, मुद्देमालात फेरफार होईल. फौजदार मागून अण्णांच्या कानाशी लागले, "साहेब, नको, बाईचं डोकं फिरलंय, नुसतं 'हो' म्हणवून घ्या."

साहेबांनी म्हातारीला विचारलं, "पाणी कशाला?"

"रिकामी घागर कुनाच्याबी कमरंला बसती, साहेब. भरल्याबिगर कसं कळंल?"

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "सरकारपक्षाची हरकत नाही."

झालं. पट्टेवाला बाररूममधून दोन बादल्या पाणी घेऊन आला. घागर साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी ठेवून भरली. म्हातारी साठीच्या पुढची. तिनं पदर कमरेला खोचला, वाकली, आणि एका हिसक्यात भरली घागर कमरेवर घेतली. अण्णा म्हणायचे, "मी तेव्हा चाळिशीचा, माझ्याच्यानं ती जमिनीवरून उचलली नसती." घागर घेऊन ती पिंजऱ्यापासून दारापर्यंत चालत गेली. पाणी हिंदकळलं, शिरस्तेदारांच्या टेबलावर उडालं, एका दिवाणी दाव्याचा कागद भिजला. दारापाशी तिनं घागर एकदा वर सरकवली, पुन्हा एकदा सरकवली. वळली. परत आली. खाली ठेवली. पदरानं हात पुसले.

"न्हाई साहेब. ही माजी न्हाई."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

अण्णांनी विचारलं, आणि लक्षात घ्या, सूचक प्रश्न नाही विचारला, "कशावरून म्हणता?"

तेव्हा म्हातारीनं सांगितलं. थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते, तेव्हा घाटाच्या पायरीवर ती घसरली. पोटाला काही झालं नाही, पण घागर पायरीवर आदळली आणि एका अंगाला पोचा आला. सासूनं शिव्या दिल्या. तांबटाकडं न्यायची राहून गेली. आणि मग लक्षात आलं की तो पोचा आत, कमरेशी घेतला की घागर हलत नाही. "खोबन पडल्यावानी. चाळीस वरसं ती तितंच बसलीया. हिचं अंग येगळं. ही सटाकती."

त्या काळी साहेब जबानी इंग्रजीत उतरवून घेत. टायपिस्ट थांबला. 'खोबण' इंग्रजीत कसं घालायचं? साहेब विचारात, अण्णा विचारात. शेवटी कागदावर काय आलं, तर भांडं साक्षीदाराच्या मापाचं नाही. अण्णांना याची चुटपुट मरेपर्यंत होती. पुढे १९९८ साली तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी झाली आणि त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले. "मी बाहेर, खोबण आत," असं ते म्हणायचे.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. फौजदार पुन्हा कानाशी आले. "फितूर मागा, साहेब."

फितूर म्हणजे काय, तर आपला साक्षीदार पोलिसांना दिलेल्या जबाबापासून फिरला, तर सरकारी वकील कोर्टाची परवानगी मागतो आणि आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. पुरावा कायद्यात तेव्हा कलम १५४ होतं. त्यात एक ठरलेला प्रश्न असतो, 'तुम्ही आरोपीकडून पैसे घेऊन खोटं सांगत आहात, हे खरं आहे का?' म्हातारीच्या तोंडावर तो प्रश्न टाकायचा, तिनं 'न्हाई' म्हणायचं, आणि केस पडली तर खापर तिच्या डोक्यावर. रोज होतं हे. आजही होतं.

अण्णा फौजदारांना म्हणाले, "फितूर व्हायला आधी कुणाच्या तरी बाजूचं असावं लागतं. बाई घागरीच्या बाजूची आहे." आणि कोर्टाला म्हणाले, सरकारपक्षाला या साक्षीदाराला आणखी काही विचारायचं नाही.

आरोपी सुटला. अर्थात सुटला. ज्या खात्याच्या हाताखाली अण्णा होते, त्याच खात्याच्या तपासाचा त्यांनी घागरभर पाण्यात निकाल लावला होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं घागर होती पण पाणी नव्हतं. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "पुरावा नाही."

आणि त्या रात्री घरी काय झालं, तेही सांगायला हवं. समोरच्या काचेतून मला खूण होते आहे, पण हे सांगतेच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग म्हातारी पाणी कशात भरणार?"

अण्णांकडं उत्तर नव्हतं. चोर सुटला होता, किंवा चोर नसलेला माणूस सुटला होता, ते कधीच कळलं नाही. म्हातारीची घागर मिळाली नव्हती. आणि ही दुसरी घागर, नाव घासलेली, आरोपी म्हणाला माझी नाही, म्हातारी म्हणाली माझी नाही, तेव्हा ती कुणाचीच नव्हती. पुढे बेवारस मुद्देमालाचा लिलाव निघाला. काकू म्हणाल्या, "घ्या की बोली लावून. आजीला देऊ." अण्णांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८१ सांगितलं. लिलावाशी ज्या सरकारी नोकराच्या कामाचा संबंध आहे, त्यानं त्यात बोली लावायची नाही. आता खरं म्हणजे त्या लिलावाशी अण्णांचा काही संबंध नव्हता. कलमात ते बसतच नव्हते. पण अण्णांचं असं होतं, स्वतःवर लावायचं कलम ते जरा सैल करून अंगावर चढवायचे.

काकूंनी मग कलम-बिलम काही न विचारता घरातली जादाची घागर म्हातारीच्या गावच्या दूधवाल्याबरोबर पाठवून दिली. आठ दिवसांनी घागर परत आली. आत कृष्णाकाठची वांगी, काठोकाठ. निरोप होता, 'बाईस्नी सांगा, घागर ग्वाड हाय, पर माज्या कमरंला बसत न्हाई.' वांगी घ्यायची की नाही यावर अण्णा नि काकूंचं रात्री अकरापर्यंत चाललं होतं. साक्षीदाराकडून भेट घ्यावी का? खटला संपला आहे. संपला असला तरी अपिलाची मुदत आहे. वरच्या मजल्यावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सकाळी भरल्या वांग्यांचा वास आला, तेव्हा निकाल कुणाच्या बाजूनं लागला ते कळलं. दूधवाल्याच्या हाती अण्णांनी वांग्यांचे पैसे पाठवले होते, हे मला फार नंतर समजलं.

निवृत्तीनंतरचं थोडक्यात. नातवंडं आली, गुडघे गेले, काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा अण्णांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत आपल्या बारीक अक्षरात जुनी-नवी कलमं समोरासमोर मांडली होती. खुनाचं ३०२ होतं, ते १०३. चोरीचं ३७९, ते ३०३. फसवणुकीचं ४२० गेलं आणि ३१८ आलं. मला म्हणाले, "आता लबाड माणसाला काय म्हणायचं? तीनशे अठरा? मजा नाही."

तेराव्याला मुलींनी फडताळ आवरायला काढलं. भांड्यांच्या मागे एक जाड वही निघाली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कोर्टात असते तसली. घागरीच्या खटल्यानंतर काकूंनी त्यांना कधीतरी विचारलं होतं म्हणे, आपल्याकडं चोरी झाली तर तुम्हाला आपली भांडी ओळखता येतील का? अण्णांनी ते मनावर घेतलं होतं. वहीत घरातल्या एकेका भांड्याचा पंचनामा होता. थोरलीनं मला काही पानं वाचून दाखवली. तिच्या परवानगीनं सांगते.

'घागर, तांबे, एक. उजव्या अंगास पोचा. थोरली, नळावर. रडली नाही.'

'परात, पितळ, एक. काठ वाकलेला. सासूबाईंच्या हातून. दोष माझा, वाटेत पाय होता.'

'कुकर. शिट्टी बदललेली. मूळ शिट्टी डाळीत सापडली.'

अशी ६० पानं. आणि एका पानावर मी होते.

'पोळ्यांचा डबा, स्टील, झाकण चेमटलेले. वरच्या मजल्यावरची मुलगी. कबुली नाही. संशयाचा फायदा दिला.'

अण्णा, डब्यावर मीच चढले होते. वरच्या फळीवरचा चिवडा काढायला.

नमस्कार.